राबाचे ऐन

ऐनाचं झाड मोकळं सोडलं तर सरळसोट वाढतं. साठ-सत्तर फूट सहज जातं. साल काळपट, उभ्या-आडव्या भेगांनी चौकटी पडलेली, सुसरीच्या पाठीसारखी. जुन्या घरांच्या तुळया आणि खांब ऐनाचेच. पण असा सरळ ऐन बघायचा तर घाटमाथ्याच्या रानात जावं लागतं. आमच्या मावळातल्या शेतांच्या कडेचा ऐन तसा नसतो. पुरुष-दीड पुरुष उंचीवर त्याचं खोड एकदम जाड होतं, तिथून चार-पाच आखूड फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदी एका गाठीत संपते. मूठ आवळून हात वर करावेत तसं. लहानपणी झाड काढ म्हटलं की मी तसंच काढायचो. गुरुजी म्हणायचे, "अरे, हे झाड आहे का भीमाची गदा?" गुरुजी देशावरचे होते, त्यांना काय माहीत.

असले त्रेचाळीस ऐन आमच्या गावच्या वरच्या माळावर होते. तो माळ आता गोल्फचं मैदान आहे. गावात त्याला नुसतं 'गोल्प' म्हणतात. "गोल्पावर कामाला गेलाय," "गोल्पाच्या वरच्या अंगाला," असं. त्या मैदानावरच्या झाडांची देखरेख मी बरीच वर्षं केली, अजूनही बोलावलं की जातो. तिथं खेळणाऱ्या लोकांना त्या झाडांचं रूप अजब वाटतं. कुणी फोटो काढतात, कुणी विचारतात की ही झाडं परदेशातून आणली का. म्हणून त्यांची हकिगत एकदा नीट लिहून ठेवावी म्हटलं.

त्या गाठी कोयत्यानं झालेल्या आहेत आणि तो कोयता भातासाठी चालला.

आमच्याकडं भात पेरत नाहीत, लावतात. आधी एका तुकड्यात रोप तयार करायचं, मग आषाढात ते उपटून खाचरात लावायचं. रोपाच्या त्या तुकड्याला दाढ म्हणतात. मावळात आणि कोकणात ही दाढ भाजायची रीत होती. तिला राब म्हणायचं. थंडीपासून तयारी. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत माणसं ऐनावर चढून टहाळ तोडायची. टहाळ म्हणजे पानासकटच्या कोवळ्या फांद्या. त्यांचे भारे बांधून रचून ठेवायचे, वाळवायचे. मग दाढीच्या जागेवर खाली शेणाचा थर, त्यावर हा टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. माती अशासाठी की जाळ भडकू नये, धुमसत राहावा. पेटवायचं तेही वाऱ्याच्या उलट अंगानं, म्हणजे विस्तव वाऱ्याशी भांडत हळूहळू पुढं सरकतो आणि जमीन खोलवर भाजते. घाईनं पेटवलेला राब वरवर जळतो. तो राब काय कामाचा?

भाजलेल्या जमिनीत तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राख मिसळते. मृगाचा पाऊस पडला की त्यात भात फेकायचं. रोप काळंभोर येतं, उपटताना मुळं तुटत नाहीत. बायकांना विचारा. न भाजलेल्या दाढीतलं रोप उपटायचं म्हणजे बोटांची सालं निघतात.

राबाला ऐन, किंजळ, नाना ही झाडं चालायची. त्यात ऐन पहिला, कारण कितीही तोडला तरी पुन्हा फुटतो. आंबा, फणस, जांभूळ, उंबर, हिरडा यांना कोयता लावायचा नाही. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडणाऱ्याला अख्खी वाडी बोलायची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याच धर्तीचं सांगितलेलं आहे: आरमाराला आंब्या-फणसाचं लाकूड लागत असलं तरी रयतेनं लेकरासारखी वाढवलेली ही झाडं तोडू देऊ नयेत, आणि एखादं झाड जुनं, निकामी झालं असेल तरच धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं. हल्ली हा मजकूर शिवाजीमहाराजांचं पत्र म्हणून फलकांवर रंगवतात. आज्ञापत्र महाराजांच्या नंतरचं आहे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. पण त्यात सांगितलेली रीत महाराजांच्याच राज्याची, तेव्हा फलक रंगवणाऱ्याला फार दोष देत नाही.

ऐन तोडण्यालाही पद्धत होती. एका झाडाला दरसाल हात लावायचा नाही. एक वर्ष तोडलं की एक-दोन वर्षं सोडायचं. गाठीच्या वर बोटभर ठेवून घाव घालायचा, गाठीत नाही. गाठीत घाव गेला की पाणी मुरतं आणि झाड आतून कुजतं. टोकाला एक-दोन फोक मुद्दाम ठेवायचे, "झाडाला श्वास घ्यायला," असं माझे चुलते म्हणायचे. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. चार-पाच पिढ्या असं चाललं तेव्हा त्या मुठी तयार झाल्या. जितकी जाड मूठ तितकं जुनं झाड.

इंग्रज सरकारला हा राब डोळ्यांत खुपत होता. १८७८ चा जंगल कायदा आला आणि रानातला टहाळ तोडण्यावर बंधनं पडली. शेतकरी म्हणे, टहाळ नाही तर भात नाही. जंगलखातं म्हणे, तुमच्या भातापायी रान ओरबाडून निघालं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली तक्रार इतकी वाढली की १८८५ साली मुंबई सरकारला कमिशन नेमावं लागलं, आणि त्यांच्यापुढं राबाचा प्रश्न मोठा होता. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं असावं. रानातला, कुणाचाच नसलेला ऐन लोकांनी ओरबाडलाही असेल. पण बांधावरचा मालकीचा ऐन, ज्याचा टहाळ पोराला आणि नातवाला लागणार आहे, तो कुणी मारला नाही. आमच्या माळावरचे त्रेचाळीस त्याचे साक्षीदार.

राब बंद पडला तो कायद्यानं नव्हे, खतानं. गोणीत युरिया आला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी भात आलं आणि घरोघर पसरलं. पुढं चारसूत्री भाताचा प्रचार झाला. त्यात रोपाला भाताच्या तुसाची राख आणि चिखलात गिरिपुष्पाचा पाला घालायला सांगत. राखेचं महत्त्व त्या शास्त्रज्ञांनाही पटलेलं होतं, फक्त ती ऐनाची नको. मला ते बरंच वाटलं. कारण झाडावर चढायला तरणा माणूस गावात राहिला नव्हता. सगळे तळेगावला, चाकणला कंपनीत. आमच्या घरचा शेवटचा मोठा राब मला वाटतं १९८९ चा. त्यानंतर ऐनांवर कुणी चढलं नाही.

मग माळ विकला गेला. द्रुतगती मार्गाच्या बातम्या येऊ लागल्या आणि एजंट लोक मोटारसायकलवरून बांधाबांधानं हिंडायला लागले. माळ म्हणजे वरकस जमीन. नाचणी, वरई आणि बाकी गवत. भाताची खाचरं ओढ्याच्या काठाला, ती बहुतेकांनी राखली. माळाला काय मोल, असं सगळ्यांना वाटलं आणि एजंटानं सांगितलेला आकडा ऐकून तर जास्तच वाटलं. आमचाही दीड एकर गेला. जुन्या सनदांमध्ये जमीन देताना जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप असं सगळं मोजून लिहायचे. आमच्या खरेदीखतात एका ओळीत 'झाडाझुडपांसह' एवढंच होतं. सातबाऱ्यावर आंब्यांची नोंद होती. ऐनाची नव्हती. ऐन कोण नोंदवतो?

गोल्फ हा खेळ म्हणे स्कॉटलंडमध्ये समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांवर सुरू झाला. तिथं झाडच नाही, खारं वारं आणि खुरटं गवत. इंग्रजांनी तो आपल्याकडं आणला. कोलकात्याला १८२९ साली क्लब निघाला. समुद्र सोडून खेळ आत सरकला तशी त्यात झाडं आली आणि मग झाडांशिवाय मैदान शोभेना. खेळाचं मला फारसं कळत नाही. अठरा ठिकाणी गवतात भोक, तिथपर्यंत काठीनं चेंडू न्यायचा. भोकाभोवतीचं गवत गालिच्यासारखं, त्याला ग्रीन म्हणतात. तिथवर जाणारी रुंद हिरवी पट्टी म्हणजे फेअरवे. एवढं कळलं की झाडाचं काम करता येतं.

१९९६ च्या उन्हाळ्यात माळाची मोजणी झाली आणि झाडांवर रंगानं नंबर पडले. पांढरा म्हणजे ठेवायचं, लाल म्हणजे जायचं. यादी करायला आलेली पोरं शहरातली, हुशार, पण झाडाशी ओळख नाही. मला रोजावर घेतलं होतं, झुडपं तोडायला. मी दहावी झालेला, म्हणून यादीतले नंबर झाडाशी जुळतात का हे बघायचं काम माझ्याकडं आलं. यादी वाचली. आंबा, आंबा, वड, जंगली, जंगली, उंबर, जंगली. निम्म्याहून जास्त झाडांपुढं 'जंगली' हेच नाव. आणि आमच्या त्रेचाळीस ऐनांपुढं 'जंगली, रोगट'. सगळ्यांवर लाल रंग.

मी इंजिनिअरसाहेबांना म्हटलं, साहेब, जंगली हे काय झाडाचं नाव झालं? माणसांच्या यादीत 'माणूस, माणूस' लिहिल्यासारखं आहे हे. साहेब भला माणूस होता, हसला. म्हणाला, "नाव काही का असेना, पण यांना कॅन्सर झालाय, बघ ना गाठी केवढ्या." मी तात्यांना बोलावून आणलं. तात्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढं. त्यांनी गाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, रोग न्हाई त्यो. त्यो आमचा कोयता हाय. ही मूठ माझ्या आज्याची, ही बापाची, आन् ह्यो वरचा टवका माझा." साहेबांनी तासभर बसून राबाची सगळी हकिगत ऐकली. चहा पाजला. पण रंग लालच राहिला. नकाशा वरून आलेला होता.

ऐन वाचले ते नावामुळं. महाराष्ट्रात झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे. त्याला जोडून एक यादी आहे. त्या यादीतलं झाड मालकीच्या जमिनीत असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, साग, खैर ही तर त्यात आहेतच, पण ऐन आणि किंजळही आहेत. 'जंगली' नाही. म्हणजे कागदावर जंगली लिहिलेलं झाड एका सकाळी आडवं करता येतं, आणि ऐन लिहिलेल्या झाडापायी जंगलखात्याच्या दारात जावं लागतं. ही यादी मला गावातल्या एका निवृत्त वनरक्षकानं दाखवली. मी पोरांना म्हटलं, यादी करायचीच तर खरी करू. त्यांनाही हुरूप आला. आठ दिवस आम्ही माळभर हिंडलो.

ओळख कशी पटवायची ते त्यांना सांगितलं. ऐन, अर्जुन आणि किंजळ ही भावंडं, शहरातला माणूस गोंधळतो. अर्जुनाचं खोड पांढुरकं, गुळगुळीत, साल पापुद्र्यानं सुटते आणि तो ओढा-नदी सोडून फार वर येत नाही. ऐनाची साल काळी, चौकटीची. दोघांच्या फळांना पाच पंख असतात. किंजळ फुलतो तेव्हा ओळखायला नको, पावसाळा सरताना सगळं झाड तांबूस होतं. उन्हाळ्यात मात्र पान बघावं लागतं. ऐनाच्या पानाच्या मागं, देठाजवळ दोन बारीक फोडांसारख्या गाठी असतात, पान उलटं करून बोट फिरवलं की लागतात. एका पोराला तर नादच लागला, दिसेल ते पान उलटं करून बघायचा. 'जंगली'मधून ऐन निघाले, किंजळ निघाले, नाना, हिरडा, बेहडा, करंज, शिवण, पळस, काटेसावर, मेढशिंगी निघाली. वडांपैकी दोन नांदुरकी निघाल्या. नवी यादी साहेबांच्या टेबलावर गेली आणि कायद्याची ओळ मी तिच्याखाली लिहून दिली.

त्यानंतर वरच्या लोकांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. एवढं खरं की परवानगीचा अर्ज सहा ऐनांपुरता गेला, जे फेअरवेच्या ऐन मध्यावर होते. ते परवानगी घेऊन तोडले. बाकी सदतीस राहिले आणि नकाशा थोडा वाकला. चौदा नंबरच्या भोकाकडं जाताना पट्टी डावीकडं वळते. खेळणारे म्हणतात की तो वळणाचा होल सगळ्यात अवघड आहे. तिथं आमचा आणि चुलत्यांचा बांध होता. नऊ ऐन ओळीनं उभे आहेत, ती हद्द.

झाड वाचलं म्हणजे जगलं असं नसतं, हे पुढच्या पाच-सहा वर्षांत बघितलं. आमच्या माळावर एक शेंदऱ्या आंबा होता. रायवळच, पण फळ शेंदरासारखं लाल. त्याच्यावर पांढरा नंबर होता. मग ग्रीन उंच करायचं म्हणून त्याच्या बुंध्याभोवती दोन फूट मुरूम-माती चढवली. मी आणि तात्यांनी सांगितलं की बुंधा पुरू नका, मुळाला हवा लागते. कंत्राटदार म्हणाला, उलट माती मिळाली, झाड जोर धरेल. पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी शेंडे वाळले. तिसऱ्या वर्षी मोहोरानं लदलं, सगळे म्हणाले बघा. मरायला टेकलेलं झाड असंच मोहोरतं. चौथ्या पावसाळ्यात ते गेलं. त्यानंतर मात्र कुठल्याही जुन्या झाडाच्या फांद्यांच्या सावलीइतकी जागा खोदायची नाही, भरायची नाही, असा नियम झाला.

दुसरा वैरी पाणी. इथल्या झाडांना चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडं, ही सवय. मैदानाचं गवत हिरवं ठेवायला उन्हाळाभर फवारे चालतात. करंज आणि जांभूळ यांनी ते सोसलं, खूशच झाले. पळस आणि मेढशिंगी यांची मुळं कुजली. ऐन मध्ये. तो पावसाळ्यात पाय पाण्यात घेऊन उभा राहतो, पण बारा महिने ओल त्यालाही नको. फवाऱ्याचं तोंड फिरवून बुंध्यावर पाणी पडणार नाही एवढं केलं तरी पुष्कळ झालं. आणि गवत कापायचं यंत्र. त्याची दोरी सालीला लागते, दर आठवड्याला त्याच जागी. वर्षभरात झाडाच्या पायात जखमेचं कडं तयार होतं आणि कोवळं झाड त्यानं मरतं. उपाय अगदी साधा. बुंध्याभोवती हात-दोन हात गवतच ठेवायचं नाही, पाला पसरायचा. साहेब लोकांना आधी ते अस्वच्छ वाटायचं.

नवी झाडं लावायचा तर सोहळाच होता. ट्रकमधून बारा-बारा फुटांची झाडं यायची, मोठ्या पिशवीत वाढवलेली. लावल्या दिवशीच मैदान भरल्यासारखं दिसायचं. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा, नीलगिरी ऑस्ट्रेलियाची. परदेशी म्हणून मी नाक मुरडत नाही. आपली चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेची म्हणतात आणि अरबांनी तिला हिंदुस्थानचा खजूर असं नाव दिलं. इतकी वर्षं राहिल्यावर कोण कुठला? माझं भांडण पिशवीशी होतं. आठ-नऊ वर्षांनी वळवाच्या एका वादळात त्यातली अकरा झाडं मुळासकट उताणी झाली. बघितलं तर मुळं आत गोल गोल फिरलेली, डोक्यावर पाण्याच्या हंड्याखाली घेतात त्या चुंबळीसारखी. पिशवीचा आकार झाड सोडलं नव्हतं. शेजारी आम्ही ऐनाची, जांभळाची वीतभर रोपं लावली होती ती तोवर पुरुषभर उंच झाली होती आणि एकही हललं नव्हतं.

आमची पद्धत घरचीच. फाल्गुनात ऐनाची पंखाची फळं वेचायची, मृगाच्या आधी पिशवीत टाकायची. रोप वर्षाचं झालं की लावायचं, जास्त वाढू द्यायचं नाही. खड्डा वैशाखात काढून उन्हात तापू द्यायचा, तीन फूट खोल. भरताना वरची माती खाली, त्यात कुजलेला पाला. मृगाच्या पहिल्या सरीला भुलायचं नाही, मातीत हात घातल्यावर कोपरापर्यंत ओल लागली की मग लावायचं. पिशवी फाडून काढायची आणि गोल फिरलेलं मूळ दिसलं तर तोडायचं, दया करायची नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी, तेही बुंध्याशी न देता हातभर लांब आळ्यात, म्हणजे मूळ पाण्याच्या शोधात जातं. खेळाचाही विचार करावा लागतो. ग्रीनच्या पूर्वेला दाट झाड लावलं तर सकाळचं ऊन अडतं, दव लवकर वाळत नाही आणि गवताला बुरशी लागते. म्हणून मी मोठी झाडं पश्चिमेला आणि उत्तरेला लावली. गवत सांभाळणाऱ्या माणसाशी भांडून झाड जगवता येत नाही, कारण पाण्याचा कॉक त्याच्या हातात असतो.

या सगळ्यात ऐनांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ते आपले वाढत होते, आणि तिथंच घोळ होता. मुठीतून फुटलेले फोक दर दोन-तीन वर्षांनी तुटायचे ते आता वीस-पंचवीस वर्षं तुटले नव्हते. एकेक फोक मांडीएवढा जाड झाला. पण तो मुठीच्या कडेवर नुसता चिकटलेला, खोडाच्या आतून आलेला नव्हे. वर वजन, खाली धरायला काही नाही. शिवाय जुन्या मुठींत ढोली पडलेल्या. ढोलीत पिंगळे राहतात, पोपट राहतात, ते चांगलंच, पण लाकूड पोकळ. वळवाच्या वाऱ्यात फांद्या फाटून पडायला लागल्या. तीन झाडं तर मधोमध चिरली आणि गेली. एकदा रात्री गाड्यांच्या वाटेवर फांदी पडली. दिवसा पडती तर माणूस गेलं असतं. आणि मग पुन्हा तेच बोलणं सुरू झालं. ही झाडं धोक्याची आहेत, परवानगी काढा आणि सगळी काढून टाका.

मी म्हटलं, झाडं धोक्याची झाली ती तोडल्यानं नव्हे, तोडायची थांबवल्यानं. त्यांना कोयत्याची सवय लागलेली आहे. पुन्हा राबाला तोडतो तशी तोडा. झाडांवर प्रेम करणाऱ्या एक बाई क्लबाच्या सभासद होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही झाडांचे रक्षक आणि तुम्हीच फांद्या तोडा म्हणता?" मला त्यांचा राग आला नाही. मुठीवर चढून फाटलेली जागा त्यांना दाखवली, मग त्यांनीच मीटिंगमध्ये माझी बाजू घेतली.

आता तोडणार कोण? तात्या जाऊन बारा वर्षं झाली होती. गावात राबाला चढलेली माणसं उरली दोन, मी आणि माझा एक चुलतभाऊ. दोघांचेही गुडघे गेलेले. मैदानावर गवत कापणारी चार पोरं तयार केली. दोन गावची, दोन ओडिशाकडची. त्या दोघांनी आधी कधी ऐनावर कोयता चालवला नव्हता, पण चढायला माकडासारखी चपळ. कमरेला पट्टा आणि दोर, डोक्याला टोपी, हे नवं. बाकी जुनंच. खालून काठीनं दाखवायचं, ही ठेव, ही काढ, गाठीत घुसू नको, वर बोटभर राख.

पण एक फरक होता. आधी बोटाएवढे फोक तुटायचे, आता मांडीएवढ्या फांद्या होत्या. एवढ्या जाड फांद्या सगळ्या एकदम काढल्या तर जुनं झाड पुन्हा फुटेलच असा भरवसा नाही. म्हणून एका झाडाच्या एका वर्षी तिसरा हिस्सा, त्याही सगळ्यात जड आणि बाहेर कललेल्या. मुठीपाशी न कापता वर दोन-तीन हात सोडून कापायच्या. त्या थोटकाला धुमारे फुटले की दोन वर्षांनी आणखी खाली यायचं. असं करत करत मूळच्या मुठीवर यायला सहा-सात वर्षं लागतात. पहिल्या वर्षी पाच झाडं घेतली. पाचही जेठात फुटली, पानं तळहाताहून मोठी.

निघालेल्या टहाळाचं काय करायचं हाही प्रश्न आला. जाड लाकूड मैदानाच्या मालकांचं, ते त्यांनी बाकं करायला ठेवलं. पाला खड्ड्यांत कुजवून नव्या रोपांना घालतो. बारीक काटक्या वाडीतल्या बायका नेतात. आणि दोन भारे दर वर्षी माझ्या घरी येतात. आमच्या घरात अजून अर्धा गुंठा दाढ भाजतात. तेवढ्यात आंबेमोहोर करतो, घरापुरता. मंडळी म्हणते, त्या रोपाला उपटताना हात दुखत नाहीत.

चौतीस ऐन आहेत. वीस पुन्हा मुठीवर आले. बारा अर्ध्यावर आहेत. बांधावरचे दोन, ढोलीत पिंगळ्याची पिल्लं होती म्हणून यंदा सोडले. ते माघात घेऊ.